चौथं धुरांडं

मागच्या महिन्यात पुतण्या नागपूरहून आला आणि त्याने वहीचं एक पान माझ्यापुढे धरलं. तिथल्या एका वाचनालयात त्याला लढाऊ जहाजांचं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्यातून आपल्या काकाच्या बोटीची हकिकत त्याने मराठीत उतरवून आणली होती. हकिकत कसली, अर्धं पान. अमुक गोदीत बांधली, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला हिंदी महासागरात आली, फौजेच्या जहाजांची राखण केली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका नदीचं तोंड अडवून बसली, मग तांबडा समुद्र, मग दुरुस्ती, मग पुन्हा राखण, आणि लढाई संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडीत. खाली लिहिलं होतं, धुरांडी तीन.

मी ते दोनदा वाचलं आणि चिडले. पुतण्या बिचारा, "काकू, काही चुकलं का?" म्हणून मागे लागला. चुकलं काहीच नव्हतं. पण त्या बोटीने आमच्या घरात जे केलं त्यातलं अक्षरही त्या पानात नाही, आणि ते लिहील असं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून ही वही घेऊन बसले आहे. हातात पेन धरलं की पाय आपोआप हलायला लागतो. ही सवय माझी नव्हे, त्यांची.

माझे यजमान गोंदियाच्या इंजिनशेडमध्ये फायरमन होते. आम्ही पोवार, घर केशोरीकडच्या एका गावात, तळ्याच्या पाळीखालीच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. घरातला थोरला मुलगा बांधीत उतरायचा सोडून इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकतो, हे माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, कधी पचलं नाही. सुट्टीत यजमान घरी आले की ओसरीवर तोच वाद. मामाजी म्हणायचे, "बापाच्या बांधीतला चिखल तुले जड जाते, अन सरकारची राख गोड लागते." यावर ते उठून तळ्याच्या बांधावर, पाळीवर, फेऱ्या मारत सुटायचे. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवतानाही एक पाय हलत असायचा.

लढाई लागली तेव्हा असाच एक वाद विकोपाला गेला. "याच्याहून मोठ्या इंजिनावर जातो, मंग पाहा," असं म्हणून ते गेले ते थेट मुंबईला. तिथे एका लढाऊ बोटीवर आगवाले म्हणून लागले. बोटीच्या पोटात भट्ट्या असतात, त्यांत कोळसा टाकणाऱ्यांना आगवाले म्हणतात, हे पहिल्या पत्रात कळलं. बोटीचं नाव मात्र कळलं नाही. ते लिहायची मनाई होती, आणि लिहिलं असेल तिथे सरकारने काळी शाई फासली होती. एवढंच कळलं की बोट कुरूजर, म्हणजे क्रूझर, जातीची आहे. सगळ्यांत मोठी नव्हे, लहानही नव्हे. तिचं काम फिरत राहणं. कुठे आपल्या शिपायांनी भरलेली जहाजं बसऱ्याला पोचवायची, कुठे शत्रूची बोट हुंगत हिंडायचं. आठ दिवस एका बंदरात काढले तर नवल. मी मनात म्हटलं, माणूस बरोबर जागी पोचला.

पत्रं मीच वाचायची. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं, आणि ते गेल्यावर सासरच्या घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. याचा मला भारी तोरा होता. कबूल करते. ओसरीवर सगळे जमायचे, मी पदर नीट करून मोठ्याने वाचायची, आणि मामाजी छताकडे बघत ऐकायचे. तिसऱ्या पत्रात एक वाक्य होतं: "गोंदियाच्या इंजिनाला एक धुरांडं, आमच्या बोटीला चार. बाबांना सांग." दुसऱ्या दिवशी मामाजी बाजारातून परत येईपर्यंत निम्म्या केशोरीला चार धुरांड्यांची खबर होती.

नंतर पत्रं थांबली. एक महिना, दोन महिने, आठ महिने. टपालवाला आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्या दिवशी माझ्या हातून भात करपायचा. सासूबाईंनी आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्याला नवस बोलला, तिथल्या महादेवालाही बोलला, कोणी रुसायला नको. मी कामं उरकायची आणि उरकलेली कामं पुन्हा काढायची. झाडलेलं अंगण झाडायची. सासूबाई म्हणायच्या, "काऊन अशी भिरभिर करून राहिली? बस नं." बसवत नव्हतं.

अशात माझ्या वडिलांनी नागपूरचं एक साप्ताहिक धाडलं. लढाईच्या बातम्या मला आवडतात म्हणून ते जुने अंक पाठवत. त्यात एका बोटीचं चित्र होतं. खाली छापलं होतं की आपली ही लढाऊ कुरूजर शत्रूने बुडवली, थोडीच माणसं वाचली. नाव इंग्रजीत होतं, ते मला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय उपयोग? त्यांच्या बोटीचं नाव आम्हाला कुठे माहीत होतं. मी धुरांडी मोजली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली.

तो अंक मला चुलीत घालता आला असता. निदान वडिलांना विचारायला जाता आलं असतं. पण मला वाचता येत होतं ना! मी तशीच ओसरीवर गेले आणि मामाजींना म्हणाले, "मामाजी, त्यांची बोट बुडाली."

मामाजी चित्र घेऊन बाहेर पडले ते तळ्यावरच्या म्हाताऱ्या धिवराकडे. सगळा जन्म पाण्यावर गेलेला माणूस, बोटीतलं गावात त्याच्याइतकं कोणाला कळणार? आमच्याकडे डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली नाव. जसं झाड तसा डोंगा. कोणाला पोटाशी गाठ, कोणाची शेपूट डावीकडे वाकलेली. अंधुक उजेडात लांबून बघूनही लहान पोरं सांगतात, हा अमक्याचा डोंगा. धिवराने चित्र उजेडाकडे धरलं, चार बोटं धुरांड्यांवर एकेक करून ठेवली आणि म्हणाला, "पाटील, दोन डोंगे एकासारखे कवाच नसतात. चार सांगितले होते, चारच हायेत. होय, हे त्याचीच."

एकाच नमुन्याच्या डझनावारी बोटी गोदीत निघतात, चार धुरांड्यांच्या कुरूजर सरकारकडे पुष्कळ असतील, हे आम्हाला कोणी सांगायला नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

गावच्या गुरुजींनी एकदा विचारलं की सरकारचा कागद आल्याशिवाय क्रियाकर्म कसं करायचं. मामाजी म्हणाले, "सरकार साहेबाचा कागद धाडते. आगवाल्याचा कोण धाडते?" मग पळसाची तीनशे साठ पानं मोजून आणली, त्यांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि तळ्याच्या काठावर त्या पुतळ्याला अग्नी दिला. पिंड दिले. मामाजींनी स्वतः माझे हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या. घाईने फोडल्या, मनगटाला काच लागली. तेरा दिवस मी अशी रडले की आवाज बसला.

विधवापणाचं वर्णन करत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी गावातल्या बाया समोरून येताना मला बघून रस्ता बदलायच्या, आणि मी ओसरीवर वाचणं सोडून दिलं. कोणी कागद पुढे केला तर म्हणायची, डोळे दुखतात.

सव्वा वर्ष गेलं. धान कापणीचे दिवस होते. मी खळ्यावर पेंढ्या रचत होते आणि पाळीवरून पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन एक माणूस येताना दिसला. काळा पडलेला, वाळलेला, आणि चालणं असं की पायाखालची जमीन हलेल या भरवशावर पाऊल टाकतोय. पोरं ओरडत पळाली. सासूबाई पुढे धावल्या. मामाजींनी त्यांचा हात धरून मागे ओढलं.

ज्याचे पिंड दिले तो उंबरा ओलांडत नाही. मामाजी दाराला आडवे उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चौकटीवरून हलत नव्हता. "तुह्यं सगळं करून टाकलं, बाबू," ते म्हणाले. "आता असा कसा घरात घेऊ?"

यजमानांना गाईंच्या कोठ्यात जागा दिली. गावच्या गुरुजींना असला विधी ठाऊक नव्हता, म्हणून गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या मंदिराकडून एक जाणते गुरुजी बोलावले. त्यांनी सांगितलं, अशा माणसाने पुन्हा जन्म घ्यायचा. अंगाला तूप चोपडून मोठ्या रांजणात बसायचं, तिथून बाहेर काढायचं, जन्मलेल्या बाळाचे सगळे संस्कार करायचे, नवं नाव ठेवायचं, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. त्यावाचून ना घर, ना बायको.

हे ऐकून ते असे भडकले की कोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. "मी मेलोच नाई, तं जनमू कायले? चूक तुमी केली, रांजनात मी बसू?" रजा महिन्याची, त्यातले आठ दिवस येण्यात गेलेले, परत जायला आणखी आठ. मामाजी दारातून हलेनात, ते रांजणात बसेनात. सकाळ-संध्याकाळ पाळीवर त्यांच्या फेऱ्या चालू. आणि मी? माझा नवरा शंभर पावलांवर होता आणि माझं कपाळ पांढरं होतं. दोन पुरुषांच्या हट्टात माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते असेच परत गेले तर मी जन्मभर जिवंत माणसाची विधवा राहणार होते.

आठव्या दिवशी माझा संताप अनावर झाला. दुपारी सगळे खळ्यावर असताना मी भाताचं ताट घेऊन कोठ्यात गेले. ताट ठेवलं आणि उभ्यानेच म्हटलं, "मामाजींना कायले बोलता? मी मारलं तुमाले. मी चित्र पाह्यलं, मी धुरांडी मोजली. चार होती."

ते हळूच म्हणाले, "आमच्या बोटीले तीन हायेत."

मला वाटलं, थट्टा करतात. पण थट्टा नव्हती. बोटीला धुरांडी तीनच. चौथं लाकडाच्या चौकटीवर कॅनव्हास ताणून, रंग देऊन उभं केलेलं. लांबून शत्रूने ही भलतीच बोट समजावी म्हणून. वारा सुटला की ते फडफडायचं आणि दोन खलाशी दोऱ्या धरून बसायचे. त्यांनी स्वतः त्याला रंग लावला होता.

"मंग पत्रात चार काऊन लिवले?"

त्यांचा पाय हलायचा थांबला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेवटी म्हणाले, "बाबांना दाखवाचं होतं. तीनापरीस चार मोठे वाटते."

म्हणजे जर्मनांना फसवायला केलेलं सोंग. जर्मन फसले की नाही देव जाणे, आम्ही मात्र फसलो, तेही त्यांनी बापापुढे मिरवायला पत्रात घातलं म्हणून. मला हसूही आलं आणि ताट उचलून फेकावंसंही वाटलं. मी मनगट पुढे केलं. काचेचा वण होता तिथे. "तुमी मेले नाई, हे खरं. पन मी मेली होती नं," एवढं म्हणून मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी ते रांजणात बसले. असा दांडगा माणूस, तुपाने माखलेला, गुडघे हनुवटीला लावून, आणि गुरुजी मंत्र म्हणतायत. पोरं खिदळत होती, म्हातारा धिवर मान खाली घालून उभा होता. बाहेर काढल्यावर सासूबाईंनी खरोखर बाळाला घ्यावं तसं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मामाजींनी दारातून हात काढला. तिसऱ्या प्रहरी लग्न लागलं, वाजंत्र्यांवाचून. पहिलं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची, अक्षतांच्या वेळी झोपेत होते. या वेळी मी टक्क जागी होते, आणि मला इतका आनंद झाला की त्याचीच लाज वाटली.

मग पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांत मी त्यांच्याकडून बोट, तिच्या नावासकट, ऐकून घेतली. आफ्रिकेतल्या त्या नदीत शत्रूची बोट दडली होती आणि ही बाहेर महिनोन्‌महिने टपून होती. पोटात भट्ट्या धगधगत्या ठेवायच्या, कारण निघायचा हुकूम कधीही येईल, आणि हुकूम काही येत नाही. आगवाले कोळशाच्या ढिगावर बेशुद्ध पडायचे, त्यांना वर नेऊन खारं पाणी मारायचं, पुन्हा खाली. त्या काळात लिहिलेली पत्रं नेणारं जहाज वाटेत बुडालं, आणि घरून उत्तर येईना तेव्हा बाबा अजून रागावलेत असं समजून त्यांनी पुढे लिहिणंच सोडलं. हे सांगताना ते सारखे उठायचे, बसायचे. इथे जमीन हलत नाही, म्हणून झोप येत नाही, म्हणायचे. मी म्हटलं, राहा. ते म्हणाले, "सही केली हाये. लढाई सरली का येतोच." ते गेले.

पुढच्या वर्षी तापाची साथ आली. त्या साली आमच्या भागात घराघरातून माणसं गेली, जाळायला लाकडं पुरेनात. सासूबाई तीन दिवसांत गेल्या. मामाजी अंथरुणावर, अंगाची लाही झालेली. त्याच आठवड्यात इंग्रजीत लिहिलेला, शिक्क्यांचा लखोटा माझ्या हातात पडला.

या वेळी मी अंदाज केला नाही. चालत अर्जुनीच्या स्टेशनावर गेले आणि स्टेशनमास्तरांकडून एकेक शब्द समजून घेतला. त्यांनी दोनदा वाचलं, मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. नाव त्यांचंच, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. बोटीवर ताप आला होता. देह समुद्रात सोडला.

परत येताना मी किती चालले, कुठून चालले, आठवत नाही. घरी आले तर मामाजींनी क्षीण आवाजात विचारलं, "कायचा कागद होता?" मी म्हटलं, "त्यांची बदली झाली दूरच्या समुद्रात. तिथून पत्र धाडाची मनाई हाये." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कूस बदलली.

म्हातारा मरेल म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे की मला पुन्हा त्या दगडावर हात ठेवायचे नव्हते. मामाजी बरे झाले, त्यानंतर चौदा वर्षं जगले, आणि मुलाचं पत्र आलं का असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी कुंकू लावत राहिले. गाव आधी विचारायचं, मग विचारेनासं झालं. एकच गोष्ट मला कुरतडत राहिली. यजमानांना तर्पणाचं पाणी कोणी दिलं नाही. जिवंतपणी दिलेले पिंड पुन्हा जन्मल्यावर चालतात का, हे कोणत्या गुरुजीला विचारणार? पितृपक्ष आला की त्या पंधरा दिवसांत मी घरात नुसती येरझारा घालायची.

हे इथवर लिहून झालं तेव्हा धाकटी जाऊ धान पाखडत बसली होती. ती या घरात आली ती साथ सरल्यावर. म्हणाली, "एवढं काय लिवून राहिल्या, बाई?" मी तिला वाचून दाखवलं. लखोट्याचंही वाचलं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. सूप हलवत म्हणाली, "मामाजीले मालूम होतं."

मला समजेना. तिने सांगितलं की तिच्या पहिल्याच पितृपक्षात मामाजी पाळीवर दोन पानं वाढताना तिला दिसले. एक सासूबाईंचं. दुसरं कोणाचं, म्हणून तिने विचारलं. तेव्हा कळलं की बरं वाटल्यावर मामाजी अर्जुनीला गेले होते, स्टेशनमास्तरांनी सगळं सांगितलं होतं. तिला त्यांनी शपथ घातली. म्हणाले, "एक डाव तिच्या बांगड्या म्या फोडल्या. आता तिले तिच्या मनानं राहू दे. पोराचं पानी म्या देऊन राहिलो."

मला आधी रागच आला. चौदा वर्षं आम्ही दोघं एकाच ओसरीच्या दोन टोकांना जेवलो आणि एकच मेलेला माणूस एकमेकांपासून लपवत राहिलो. म्हातारा समोर असता तर मी भांडले असते.

मी पुन्हा वहीकडे वळले, पण अक्षर दिसेना. त्या पळसाच्या पुतळ्यासाठी, जिवंत माणसासाठी, मी तेरा दिवस आवाज बसेपर्यंत रडले होते. ते खरोखर गेले तेव्हा एकदाही रडले नव्हते. कुंकू लावलेल्या बाईने काय म्हणून रडायचं? आज भर दुपारी, या वयात, ओसरीवर बसून मी रडले. जावेने सूप खाली ठेवलं आणि माझं होईपर्यंत ती जवळ बसून राहिली.